कल्पित आणि अफवा

वैतरणेचा पूल ओलांडून गाडी उत्तरेकडे निघाली म्हणजे मुंबईचा गलबला मागें पडतो. सफाळें, केळवें रोड, पालघर, उमरोळी अशीं लहानमोठीं स्थानकें एकामागून एक येतात आणि मग बोईसर लागतें. तेथें उतरून पश्चिमेकडे वळलें कीं प्रथम कारखान्यांची वसाहत दिसते, व तिच्या पलीकडे, समुद्राच्या कांठीं, तारापूरचें अणुवीजकेंद्र उभें आहे. भारतांतील हें पहिलें अणुवीजकेंद्र. तेथील वीज १९६९ सालापासून लोकांच्या उपयोगास येऊं लागली. याच टापूंत तारापूरचा जुना किल्ला आहे. वसईच्या मोहिमेंत, १७३९ सालीं, मराठ्यांनीं तो पोर्तुगीजांपासून घेतला. त्या तटाखालीं लढणाऱ्या एखाद्या शिलेदारास कोणीं सांगितलें असतें कीं, पुढें याच किनाऱ्यावर एका जड धातूचे अदृश्य कण फोडून पाणी उकळतील आणि त्या वाफेच्या जोरावर दूरदूरच्या गांवांतील दिवे लागतील, तर त्या शिलेदारानें सांगणाराची कींवच केली असती.

तथापि हें केंद्र सुरू होण्याच्या पंचावन्न वर्षें अगोदर एका माणसानें असें जग मनांत उभें केलें होतें. एच. जी. वेल्स हे इंग्रज कादंबरीकार. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाचें रेडियमवरील पुस्तक त्यांच्या वाचनांत आलें, आणि त्यावरून १९१४ सालीं त्यांनीं एक कादंबरी लिहिली. परमाणूंत कोंडलेली शक्ति माणसाच्या हातीं आली, तर तिनें यंत्रें चालतील आणि तिनेंच शहरें भस्म होतील, असें चित्र त्यांनीं तींत रंगविलें. अणुबाँब हा शब्दहि तेथूनच पुढें आला. हंगेरींत जन्मलेले पदार्थवैज्ञानिक लिओ सिलार्ड यांनीं ही कादंबरी १९३२ सालीं वाचली. दुसऱ्याच वर्षीं लंडनमध्यें असतांना परमाणूंच्या साखळी-विक्रियेची कल्पना त्यांना सुचली. तारापूरच्या भट्टींत जी क्रिया संथपणें चालते ती हीच.

येथें एक प्रश्न सहज उद्भवतो. वेल्स यांनीं १९१४ सालीं जें लिहिलें तें त्या वेळीं घडलेलें नव्हतें. मग तें खोटें म्हणावें काय? कोणीहि समंजस वाचक त्यास खोटें म्हणणार नाहीं. कारण लेखकानें पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपलें नांव घातलें होतें आणि ही कादंबरी आहे हें सांगून टाकलें होतें. जें घडलेलें नाहीं तें ‘घडलें नाहीं’ असें मान्य करूनच तो सांगत होता. हेंच कल्पित. आणि जें घडलेलें नाहीं तें ‘घडलें’ असें सांगणारी, व सांगणाराचें नांव गिळून टाकणारी, ती अफवा. दोहोंचा जन्म एकाच शक्तीपासून, म्हणजे माणसाच्या कल्पनाशक्तीपासून होतो. परंतु दोघींचे स्वभाव भिन्न आहेत. हा भेद पुस्तकी वाटण्याचा संभव आहे. परंतु तारापूरचें केंद्र ज्या पालघर जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत हा भेद विसरल्यामुळें माणसांचे जीव गेले आहेत. त्या प्रसंगाकडे येण्यापूर्वीं, कल्पित रचणें हाच ज्याचा छंद, तो माणूस कसा राहतो, काय करतो आणि लोकांचा उपद्रव कसा सोसतो, हें पाहणें उपयोगाचें होईल. त्यासाठीं पालघरचा किनारा सोडून कांहीं वेळ मुंबईस व पुण्यास जावें लागेल. कारण मराठींतील सर्वांत प्रसिद्ध विज्ञानकथालेखक, डॉ. जयंत विष्णु नारळीकर, यांचें आयुष्य मुख्यतः त्या दोन शहरांत गेलें.

मराठींत विज्ञानकथा नारळीकरांपासून सुरू झाली, असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. १९०० सालच्या सुमारास कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकांत ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कथेचें मराठी रूप येऊं लागलें होतें. पुढें श्री. बा. रानडे यांनीं ‘तारेचें हास्य’ लिहिलें. भा. रा. भागवतांनीं व्हर्नच्या गोष्टी मुलांसाठीं मराठींत आणल्या. १९६६ सालीं मुंबईंत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली व तिनें विज्ञानकथांच्या स्पर्धा भरविण्यास आरंभ केला, तेव्हां या बीजाला खरें पाणी मिळालें. या प्रकारचे लेखक पाहिले तर एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांपैकीं बहुतेकांचा चरितार्थ निराळ्याच कामावर चाले. बाळ फोंडके हे भाभा अणुसंशोधन केंद्रांत जीवभौतिकीचे संशोधक होते. सुबोध जावडेकर हे रसायन-अभियंते, तर निरंजन घाटे हे भूशास्त्राचे अभ्यासक. म्हणजे दिवसा प्रयोगशाळा किंवा कारखाना, आणि रात्रीं कथा. कथालेखन हाच त्यांचा छंद.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरास झाला. परंतु बालपण गेलें काशीस. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक होते. मातोश्री सुमतीबाई संस्कृतज्ञ होत्या. त्या घरीं मुलांसाठीं फळा होता. मोरूमामा हुजूरबाजार हे त्या काळीं त्यांच्याकडे राहत. हे मामा फळ्यावर एखादें अवघड गणित लिहून ठेवीत आणि त्यावर ‘जयंतास आव्हान’ अशा अर्थाचा मथळा घालीत. मुलानें तें स्वतः सोडवावें, नाहींतर हार कबूल करावी, असा नियम होता. हार कबूल केल्यावर मग मामा उत्तर दाखवीत. या खेळांत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. फळ्यावरचें गणित रागावत नाहीं, घाई करीत नाहीं, व आपण सोडविलें असें खोटें बोलण्यासहि वाव देत नाहीं. ‘मला येत नाहीं’ हें वाक्य उच्चारण्यास लाज वाटूं नये, ही संवय त्या फळ्यानें लाविली. पुढें याच संवयीवर शास्त्रज्ञ उभा राहिला, आणि कथाकारहि.

काशीहून ते केंब्रिजला गेले. तेथें फ्रेड हॉईल हे त्यांचे गुरु. हॉईल हे थोर खगोलशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय ते विज्ञानकथाहि लिहीत. सूर्याकडे येणाऱ्या एका काळ्या मेघाची त्यांची कादंबरी १९५७ सालीं प्रसिद्ध झाली होती. गंभीर संशोधकानें गोष्टी लिहिल्या तर त्याची अब्रू जात नाहीं, हा धडा शिष्यास अशा रीतीनें गुरुगृहींच मिळाला. १९७२ सालीं नारळीकर स्वदेशीं परतले व मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत काम करूं लागले. दिवसाचा वेळ विद्यार्थी, समीकरणें व शोधनिबंध यांत जाई. कथेसाठीं वेगळा वेळ नव्हता. तो चोरूनच काढावा लागे.

पहिली चोरी अहमदाबादेंत झाली. तेथें एका परिषदेंत एक व्याख्यान फारच कंटाळवाणें चाललें होतें. समोर कागद होते, हातांत लेखणी होती. व्याख्यानाचीं टिपणें घेण्याऐवजीं नारळीकरांनीं गोष्ट लिहावयास घेतली. ती ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेस ती पाठवावयाची ठरली, तेव्हां मोठी अडचण उभी राहिली. नारळीकर हें नांव त्या वेळीं घरोघर पोंचलेलें होतें. नांव पाहून परीक्षक भारावून गेले तर कथेची परीक्षा व्हावयाची कशी? म्हणून त्यांनीं ‘नारायण विनायक जगताप’ असें टोपणनांव घेतलें. त्यांच्या स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं केलीं म्हणजे हें नांव होतें. हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून पत्नी मंगलाबाई यांनीं ती कथा आपल्या हातानें उतरून दिली. मंगलाबाई स्वतः गणितज्ञ होत्या. कथेला पहिलें पारितोषिक मिळालें. १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं या नव्या प्रकाराची दखल घेतली, आणि मग मासिकांकडून मागण्या येऊं लागल्या. १९७९ सालीं ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला.

मोठ्या नांवाचा माणूस लहान नांवानें स्पर्धेंत उतरतो, यांत केवळ विनय नाहीं. ती एक शास्त्रीय खबरदारी आहे. सांगणारा कोण, यावरून सांगितलेलें खरें कीं खोटें तें ठरूं नये. सांगितलेल्याची परीक्षा त्याच्या स्वतःच्या बळावर व्हावी. अफवेचें सारें सामर्थ्य याच्या अगदीं उलट युक्तींत असतें. ‘एका मोठ्या डॉक्टरांनीं सांगितलें आहे’, ‘वरून हुकूम आला आहे’, अशीं वाक्यें तिच्या आरंभीं असतात; नांव मात्र कोठेंच नसतें.

विज्ञानकथा रचण्याची रीत कशी असते, हें एकदोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ‘उजव्या सोंडेचा गणपति’ या कथेंत नारळीकरांनीं एकच गोष्ट गृहीत धरली आहे. कागदाच्या पट्टीस एक पीळ देऊन टोकें चिकटविलीं म्हणजे जी पट्टी होते, तीवरून फिरून आलेली आकृति उलटी होऊन परत येते, हें गणितांत ठाऊक आहे. तसेंच आपल्या अवकाशाचें झालें तर? मग त्यांतून फिरून आलेल्या माणसाचा उजवा हात डावा होईल, आणि डाव्या सोंडेचा गणपति उजव्या सोंडेचा होईल. एवढें एक गृहीत मान्य केलें, कीं पुढचें सारें नियमानें चालतें. लेखक मध्येंच दुसरा चमत्कार घुसडीत नाहीं. चमत्कार एकच, आणि तोहि उघड उघड सांगितलेला, हा या कथाप्रकाराचा धर्म होय.

‘धूमकेतू’ या कथेचें मर्म आणखी निराळें आहे. एक हौशी आकाशनिरीक्षक आपल्या दुर्बिणींतून एक नवा धूमकेतू शोधतो. त्यास त्याचें नांव मिळतें. आणि मग तो धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असें गणितावरून निघतें. जगांतील निवडक तज्ज्ञ गुपचूप एकत्र येतात, कारण वार्ता फुटली तर धूमकेतू येण्यापूर्वींच घबराटीनें अनर्थ होईल. अखेर यान पाठवून, अणुस्फोट करून, धूमकेतूस बाजूस सारतात. इकडे त्या निरीक्षकाच्या घरीं ग्रहशांतीचा घाट घातलेला असतो; संकट टळतें, तेव्हां घरच्यांची खात्री होते कीं शांतीमुळेंच तें टळलें. ज्या परमाणुशक्तीची तारापुरास वीज होते तीच येथें पृथ्वीची ढाल होते. परंतु लेखकाची नजर यानापेक्षां घराकडे अधिक आहे. एकाच छपराखालीं दोन मनें राहतात. एक विचारतें ‘कशावरून?’, दुसरें म्हणतें ‘लोक सांगतात म्हणून’. कथेंत लेखक घरच्या बाईंची टवाळी करीत नाहीं. भीतींतून विधि जन्मास येतो, हें त्यास समजतें. भीतींतूनच अफवा जन्मास येते, हेंहि वाचकानें त्यावरून समजून घ्यावें.

आतां उपद्रवांचा विचार. विज्ञानकथालेखकाचे उपद्रव सामान्य लेखकाहून अंमळ चमत्कारिक असतात. कादंबरीकारास लोक विचारतात, नायिका खरी कीं कल्पित. विज्ञानकथालेखकास विचारतात, उडत्या तबकड्या केव्हां उतरणार, जगाचा अंत कोणत्या सालीं, आणि मुलीची पत्रिका जुळत नाहीं तर काय करावें. ज्यानें भविष्याची गोष्ट लिहिली त्यास भविष्य दिसत असलें पाहिजे, असा हिशेब त्यामागें असतो. त्याखेरीज सह्या मागणारे. नारळीकरांचें व्याख्यान संपलें कीं शाळेंतील मुलांचा गराडा पडे आणि वह्या पुढें होत. नारळीकर सही देत नसत. ते म्हणत, मला एक पोस्टकार्ड पाठव. त्यावर विज्ञानांतला एक प्रश्न लिही. मी उत्तर लिहीन, आणि उत्तराखालीं माझी सही असेलच. मुलें खरोखरच पत्रें पाठवीत, आणि उत्तरें खरोखरच जात.

ही युक्ति वरवर पाहतां गर्दी टाळण्याची वाटते. परंतु ती नीट उलगडून पाहावी. पोस्टकार्ड विकत आणावें लागतें; प्रश्न सुचावा लागतो; तो त्या इवल्याशा जागेंत मावेल इतका नेमका करावा लागतो; खालीं स्वतःचें नांव व पत्ता घालावा लागतो; आणि उत्तरासाठीं कांहीं दिवस थांबावें लागतें. उतावीळपणानें पुढें केलेली वही या पांच पायऱ्या चढून गेली कीं तिचें जिज्ञासेंत रूपांतर होतें. उपद्रव देणाराला हांकलून न देतां त्याच्याकडून थोडें काम करून घेणें, हा त्यावरचा सभ्य उपाय होता. पुण्यास १९८८ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. तेथेंहि शाळकरी मुलांसाठीं शनिवारचीं व्याख्यानें होऊं लागलीं. या सर्वांच्या मुळाशीं काशीच्या घरांतील फळाच होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पत्रिकेच्या उपद्रवासहि त्यांनीं हाच न्याय लाविला. ज्योतिषाची नुसती थट्टा करण्याऐवजीं त्यांनीं त्याची चांचणी घेतली. २००८ सालीं डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकारी यांच्यासह त्यांनीं दोनशें पत्रिका गोळा केल्या; शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्यास चाळीस पत्रिका देऊन विचारलें कीं, यांतील हुशार कोण व मतिमंद कोण तें सांगा. सत्तावीस जणांचीं उत्तरें आलीं. त्यांचें बरोबर येण्याचें प्रमाण शेंकडा शेंचाळीस निघालें. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी शेंकडा पन्नासच्या आसपास बरोबर आलीं असतीं. भांडण नाहीं, शिव्याशाप नाहींत. प्रश्न, मोजणी व उत्तर. २० मे २०२५ रोजीं पुण्यास नारळीकर वारले, तेव्हां कित्येक प्रौढ माणसांनीं बाळपणीं आलेल्या त्या पोस्टकार्डांची आठवण काढली.

पोस्टकार्डाचा काळ सरला आणि खिशांतील यंत्राचा काळ आला. आतां निरोप लिहावयास पैसा नको, विचार नको, नांव नको, आणि थांबणें तर मुळींच नको. आलेला मजकूर बोटाच्या एका स्पर्शानें पुढें जातो. त्यांत आणखी एक गुंतागुंत आहे. पूर्वीं कादंबरी पुस्तकांत येई, मत वर्तमानपत्राच्या एका ठराविक कोपऱ्यांत येई, आणि बातमी तारेनें येई. वेषावरून माणूस ओळखावा तसा मजकूर ओळखूं येई. या यंत्रावर कल्पित, मत, बातमी आणि अफवा हीं चारहि एकाच आकाराच्या चौकटींत, एकाच अक्षरांत येतात. वेष एकच असल्यामुळें वाचणाराची फसगत होते.

हा धोका नभोवाणीनें पूर्वींच दाखविला होता. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं अमेरिकेंत ऑर्सन वेल्स या तरुण नटानें एच. जी. वेल्स यांच्याच मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी ध्वनिक्षेपित केली. नाट्य रंगावें म्हणून ती बातम्यांच्या रूपांत सादर केली होती. हें नाटक आहे, असें आरंभीं सांगितलें होतें. परंतु ज्यांनीं यंत्र उशिरां लावलें त्यांनीं तें ऐकलेंच नाहीं, आणि त्यांपैकीं कांहीं घाबरले. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं सारा देश रस्त्यावर धांवत सुटल्याचें वर्णन छापलें. पुढील संशोधनांत असें दिसून आलें कीं तो कार्यक्रम ऐकणारेच थोडे होते, व घबराटीचें वर्णन पुष्कळ फुगविलेलें होतें. म्हणजे कल्पितास बातमी समजल्यामुळें थोडी अफवा झाली, आणि त्या अफवेविषयीं त्याहून मोठी अफवा झाली. सूचना आरंभीं एकदां करून भागत नाहीं, हा धडा नभोवाणीनें त्यापासून घेतला.

पालघरकडे परत येतांना हसूं मावळतें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून, भिक्षेसाठीं फिरणाऱ्या पांच जणांना जमावानें ठार मारलें. त्याच महिन्यांत, देशांत असे प्रकार वारंवार झाल्यामुळें, एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये अशी मर्यादा व्हॉट्सॲपनें भारतांत घातली. ७ एप्रिल २०२० रोजीं, फार वेळां फिरलेला मजकूर एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां यावा, असा आणखी कडक नियम झाला. त्यानंतर नवव्या दिवशीं, १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, पालघर जिल्ह्यांतील डहाणू तालुक्यांत गडचिंचले येथें दोन साधु व त्यांचा वाहनचालक यांना जमावानें ठार केलें. ते अंत्यविधीसाठीं सुरतेकडे निघाले होते. साथीमुळें सारें बंद होतें. आणि रात्रीं चोर व मुलें पळविणारे हिंडतात, अशी अफवा त्या भागांत कांहीं दिवसांपासून फिरत होती. पोलिस जवळ असूनहि त्यांचा बचाव झाला नाहीं. त्या अफवेचा पहिला लेखक कोण, याचें उत्तर सांपडणें कठीण. कारण अफवेच्या खालीं सही नसते.

याच तालुक्याच्या आसपास नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहानमोठे धक्के वारंवार बसूं लागले होते. घरांच्या भिंतींना तडे गेले, लोक रात्रीं बाहेर झोंपूं लागले. शास्त्रज्ञांनीं यंत्रें मांडून मोजणी केली. परंतु पुढचा धक्का केव्हां, हें त्यांनीं सांगितलें नाहीं, कारण तसें सांगण्याची रीत विज्ञानास अद्याप सांपडलेली नाहीं. भूकंपाची वेळ सांगणारें यंत्र निघालें आहे असें गृहीत धरून एखादा विज्ञानकथालेखक सुंदर गोष्ट लिहूं शकेल. पण ‘आज रात्रीं अमुक वाजतां धक्का बसणार’ असा बिननांवाचा निरोप आला तर तो वाचणारानें तेथेंच थांबवावा. दोहोंत कल्पना एकच. एकींत तिच्यावर दिवा लावलेला आहे, दुसरींत तो विझविलेला आहे.

यावरून एखादा घाईनें म्हणेल कीं, मग या यंत्रावर लिहिणारांना शिक्षाच करावी. त्याचेंहि उत्तर पालघरनेंच दिलेलें आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें, पालघर ठाणें जिल्ह्यांत असतांना, तेथील एका तरुणीनें एका मोठ्या नेत्याच्या निधनानंतर पाळलेल्या बंदाविषयीं आपलें मत फेसबुकवर लिहिलें. दुसरीनें त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली, आणि एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची मोडतोडहि झाली. ज्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याचा आधार त्यांत घेतला होता, त्याच्या कलम ६६अ मध्यें दुसऱ्यास त्रास किंवा गैरसोय होईल असा मजकूर पाठविणें हाहि गुन्हा ठरविला होता. त्रास म्हणजे काय, याची व्याख्या नव्हती. या प्रकरणानंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, व २४ मार्च २०१५ रोजीं न्यायालयानें तें कलम रद्द केलें. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या आहेत. बोलणें तिसऱ्या पायरीस पोंचेल तेव्हांच त्यावर निर्बंध योग्य, असा भेद न्यायालयानें दाखविला. त्या तरुणीनें अफवा पसरविली नव्हती. तिच्या मजकुराखालीं तिचें नांव होतें, आणि तें तिचें मत होतें. कोणास तें रुचलें नसेल. परंतु न रुचणें आणि फसविलें जाणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हां घरांतील थोरामोठ्यांनीं व मुलांनीं, यंत्रावर आलेला मजकूर पुढें पाठविण्यापूर्वीं, तीन प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी. हें कोणीं लिहिलें? लिहिणारा हें कल्पित म्हणून सांगतो, मत म्हणून सांगतो, कीं घडलेली गोष्ट म्हणून? आणि घडलेली म्हणत असेल, तर ती पडताळून पाहण्याची वाट कोणती? या तिन्हींचीं उत्तरें मिळत नसतील तर मजकूर तेथेंच राहूं द्यावा. दहा मिनिटें थांबल्यानें कोणाचें नुकसान झाल्याचें ऐकिवांत नाहीं. न थांबल्यानें काय होतें तें गडचिंचलेस दिसलें आहे. आणि ज्या घरांत मुलें आहेत तेथें एक लहानसा फळा टांगावा. त्यावर रोज कोणीतरी एक प्रश्न लिहावा, आणि उत्तर येत नसेल त्यानें ‘मला येत नाहीं’ असें मोकळेपणानें म्हणावें. बोईसरच्या गाडींत बसलेल्या प्रवाशाच्या हातांत पुस्तक असो वा यंत्र असो, हें एवढें वाक्य ज्यास म्हणतां येतें, त्यास कल्पिताचा आनंद लुटतां येतो आणि अफवेपासून दूरहि राहतां येतें.